रेडिएटर पुढून धुऊ नका, मागून धुवा

काका, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे २०१७ च्या ट्रॅव्हलरच्या चॅसीवर बांधून घेतलेलं मोटरहोम आहे. इंदूरहून ओंकारेश्वरला उतरताना काही त्रास नाही. परतताना मात्र चोरल मागे टाकून भेरूघाट चढायला लागलात की काटा लाल पट्टीजवळ जातो. म्हणून तुम्ही एका धुलाई केंद्रावर रेडिएटरवर जोराचं प्रेशर मारून घेतलंत, तर गाडी आधीपेक्षा लवकर तापायला लागली. एक जण म्हणतो थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व, काढून फेका, दुसरा म्हणतो नवा रेडिएटर घाला. खरं काय करायचं आणि पुढे निगा कशी राखायची, हे तुम्हाला हवंय.

मी इंदूरात सव्वीस वर्षं रेडिएटरचंच काम करतोय. आधी ट्रक, बस आणि हार्वेस्टर होते, गेली सात-आठ वर्षं मोटरहोमही येतात. माझं मत स्पष्ट आहे: नवा रेडिएटर आत्ता घेऊ नका आणि थर्मोस्टॅटला हात लावू नका. तुमचा रेडिएटर बहुतेक मेलेला नाही, गुदमरलाय. धुतल्यावर तापणं वाढलं, या एका वाक्यातच अर्धं निदान आहे. पाण्याच्या बाजूचा दोष असता तर बाहेरून धुतल्याने त्यात काडीचा फरक पडला नसता, ना चांगला ना वाईट. फरक पडला, याचा अर्थ दोष हवेच्या बाजूला आहे.

तो कसा, ते नीट सांगतो, कारण हे कळलं की बाकीची निम्मी कामं तुमची तुम्हालाच सुचतील.

पुढे इंजिन असलेल्या गाडीत रेडिएटर एकटा उभा नसतो. पुढच्या जाळीतून डोकावलं तर दिसतो तो एसीचा कंडेन्सर. त्याच्यामागे बोटभर फट, मग रेडिएटर, मग पंखा आणि इंजिन. इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग, काही गाड्यांत याच रांगेत असतो, काहींत बाजूला. लोक बाहेरून कंडेन्सर बघतात, तो स्वच्छ दिसला की 'रेडिएटर साफ आहे' म्हणतात. कचरा मात्र बसतो त्या बोटभर फटीत, रेडिएटरच्या पुढच्या तोंडावर. कंडेन्सरच्या फिनांमधून, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्यांमधून, जे बारीक सुटतं ते इथे येऊन अडकतं, कडेच्या फटींतून जे जाडंभरडं शिरतं तेही इथेच येतं, आणि बाहेर पडायला वाट नसते.

आता आपल्या माळव्याचा कचरा कसला असतो? ऑक्टोबरात सोयाबीन निघतं. देवास, उज्जैन, धार, कुठल्याही रस्त्याला लागा, कडेला थ्रेशर चालू असतात आणि भुसा हवेत तरंगत असतो. ती फोलपटं चपटी, हलकी, फिनावर अगदी टिकलीसारखी चिकटतात. मार्च-एप्रिलात गव्हाचा भुसा. मे महिन्यात रुईच्या बोंडांतून उडणारा कापूस. पहिल्या पावसानंतर दिव्यांवर झेपावणारे पंखवाले किडे. आणि बारा महिने आपली काळी माती. या मातीचा गुण शेतकऱ्याला विचारा: भिजली की फुगते, वाळली की आकसून दगड होते. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात, त्याच गुणामुळे.

तर तुमच्या धुलाई केंद्रावर काय झालं असेल ते बघा. कोरडा भुसा आणि माती रेडिएटरच्या पुढच्या तोंडावर नुसती टेकून बसली होती. त्यावर पुढून प्रेशर मारलं. वरची धूळ वाहून गेली, पाणी काळं आलं, तुमचं समाधान झालं. पण बाकीचा कचरा त्या जोराने फिनांच्या आत, कोअरच्या म्हणजे रेडिएटरच्या जाळीदार गाभ्याच्या मध्यापर्यंत ठासला गेला. काळी माती भिजून फुगली. गाडी घरी येईपर्यंत इंजिनच्या उष्णतेने ती वाळली. भुसा आणि माती, म्हणजे विटेचाच मसाला. वर फिन कागदासारख्या पातळ असतात, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. प्रेशर तिरकं लागलं की त्या आडव्या होतात आणि शेजारच्या फटीचं तोंड बंद करतात. हवा जिथून थोडीफार जात होती तिथूनही जाईनाशी झाली. धुणाऱ्या पोराचा यात काही वाईट हेतू नसतो, त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून नियम असा. हवा पुढून मागे जाते, त्यामुळे कचरा पुढून शिरतो, आणि काढायचा तो आल्या वाटेनेच, मागून पुढे ढकलून. शिवाय आधी कोरडा काढायचा, मग ओला. हा क्रम चुकला की सगळी मेहनत वाया जाते.

सुरू करण्याआधी पाच मिनिटांची खात्री करून घ्या. गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असू द्या. बॉनेट उघडून कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत वरून मोबाईल सरकवा, टॉर्च लावून व्हिडिओ घ्या. फटीत हात जात नाही पण मोबाईल बहुतेकदा जातो. मी गिऱ्हाइकाला हाच व्हिडिओ दाखवतो, नंतर समजवावं लागत नाही. दुसरी चाचणी गाडी तापलेली असताना: इंजिन चालू, गाडी उभी, पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा एक कागद धरून सोडा. पंखा नीट ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. घसरून खाली पडला तर हवा अडलीय किंवा पंखा कमी पडतोय.

आता प्रत्यक्ष काम. यासाठी सकाळचा पूर्ण वेळ काढा, घाईने हे होत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पुढची जाळी, आणि लागलं तर बंपर उतरवा. कंडेन्सरचे वरचे नटबोल्ट सोडून तो पुढे कलता करा. त्याचे गॅसचे पाईप अजिबात उघडायचे नाहीत, पाईप जेवढं झुकू देतात तेवढंच झुकवायचं. दोन-तीन इंच जागा मिळाली तरी पुरते. मागच्या बाजूने पंख्याचं आवरण सोडून मागे सरकवा. ते न काढता मागून सफाई होत नाही, आणि नेमका हाच कष्टाचा भाग बहुतेक जण टाळतात. ट्रॅव्हलरसारख्या गाडीत इंजिनचा मागचा भाग केबिनमधल्या कव्हरखाली असतो, पण रेडिएटर आणि पंखा पुढून हाताशी येतात, म्हणून घाबरू नका. जागा फारच अडचणीची असेल तर कूलंट काढून रेडिएटर बाहेर घ्या. तो बाहेर निघाल्यावरच्या सफाईची सर आत राहून केलेल्या सफाईला येत नाही. तुमच्या गाडीवर एकदा प्रेशर मारून झालंय, तेव्हा पहिल्या वेळी तरी तो बाहेर काढूनच करा असं मी म्हणेन.

पहिली पायरी कोरडी. मऊ ब्रश फिनांच्या दिशेने, वर-खाली, आडवा कधीच नाही. मग पंख्याच्या बाजूने हवा मारायची, कॉम्प्रेसर दोन-तीन बारवर ठेवून, नळी वीतभर लांब धरून, सरळ. पुढच्या बाजूला व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड धरता आलं तर उत्तम, उडालेला भुसा पुन्हा कंडेन्सरवर बसत नाही. नाका-तोंडाला फडकं बांधा. या पायरीला अर्धा तास सहज जातो, जाऊ द्या. कोरडं निघायचं थांबल्यावरच पाण्याला हात लावायचा.

ओली पायरी. आधी अल्टरनेटर, हवेच्या फिल्टरचं तोंड आणि दिसतील तेवढे वायरींचे कनेक्टर प्लास्टिकने झाका. बादलीभर कोमट पाण्यात भांड्याचा लिक्विड साबण दोन-तीन झाकणं, बस. बागेला औषध मारायच्या फवारणी पंपाने तो मागून आणि पुढून फिनांवर पसरवा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, वाळू देऊ नका. मग बागेच्या नळीने, साध्या दाबाने, मागून पुढे धुवा. आधी काळं येईल, मग करडं, मग स्वच्छ. स्वच्छ आलं की पुन्हा एकदा साबण आणि पुन्हा धुवा, कारण दुसऱ्या खेपेला बहुतेकदा पुन्हा काळं येतं. मधल्या भागातली ठासलेली वीट भिजायला वेळ लागतो. तुमच्या गाडीला तीन किंवा चार खेपा लागतील. रेडिएटर बाहेर काढलेला असेल तर तो साबणाच्या पाण्यात तासभर निजवूनच ठेवा, होजची तोंडं मात्र बंद करून. शेवटी उजेडाकडे धरा: कोअरमधून सगळीकडे सारखा उजेड दिसला पाहिजे. जिथे अंधार दिसेल तिथे अजून कचरा आहे किंवा फिन आडव्या आहेत. आडव्या फिना सरळ करायला बारीक दातांचा कंगवा मिळतो. तो हलक्या हाताने, एकेक ओळ करत फिरवायचा.

कॉस्टिक, तेजाब, संडास साफ करायचं ॲसिड, यातलं काहीही लावू नका. हे मी कळकळीने सांगतोय. शिकाऊ असताना माझ्या उस्तादाच्या पितळी रेडिएटरच्या हौदात कॉस्टिक असायचं. जाड पितळ आणि तांब्याला ते चालून जायचं. एक दिवस ॲल्युमिनियमचा कोअर आला आणि मी तो सवयीने त्यात सोडला. बुडबुडे उठले तेव्हा मला वाटलं छान साफ होतोय. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. तासाभराने फिना चिमटीत भुगा व्हायला लागल्या. गाडी एका टेम्पोवाल्याची होती आणि त्याचं त्या दिवसाचं भाडं बुडालं. उस्तादांनी नवा कोअर स्वतःच्या खिशातून घातला. तेव्हापासून रेडिएटर हातात आला की मी आधी धातू बघतो, मग बाकीचं. तुमचा रेडिएटर ॲल्युमिनियमच्या कोअरचा आणि प्लास्टिकच्या टाक्यांचा असणार, त्याला साबणच पुरतो.

सफाई करताना आणखी एक बघा: कचरा कोरडा आहे की तेलकट. बोट फिरवून पाहा. तेलकट असेल तर साबणाने तो निघेल, पण दोन महिन्यांत पुन्हा तसाच होईल, कारण तेल कुठूनतरी येतंय. पॉवर स्टिअरिंगचा पाईप, इंटरकूलरच्या होजचा सांधा, पुढचं ऑइल सील, ब्रीदरची (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारी) नळी, या क्रमाने शोधा. आधी गळती बंद, मग सफाई. मागे इंजिन असलेल्या बसवर बांधलेल्या मोठ्या मोटरहोमांत तर हाच मुख्य रोग आहे. तिथे चाकांनी उडवलेली धूळ गाडीच्या मागे घुमते, पंखा ती ओढून घेतो, आणि ब्रीदरमधून येणाऱ्या तेलाच्या वाफेत ती धूळ कालवून फिनांवर लेप बसतो. अशा गाडीत ब्रीदरच्या नळीचं तोंड पंख्याच्या ओढीबाहेर, खाली आणि मागे न्यावं, आणि सफाई दुप्पट वेळा करावी. तुमची गाडी पुढच्या इंजिनाची आहे, तुम्हाला एवढी चिंता नाही.

आता एक गोष्ट जी फक्त मोटरहोमलाच लागू आहे आणि मला ती इतर सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. रेडिएटरमधून हवा आत यायची जेवढी काळजी घेतो, तेवढी ती बाहेर जायची कुणीच घेत नाही. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा गरम हवा इंजिनभोवतीने खाली आणि मागे सुटावी अशी जागा ठेवलेली असते. मोटरहोम बांधणारा सुतारकाम आणि आतली सजावट छान करतो, पण खाली मोकळी दिसेल त्या जागेत पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, बॅटरीचा डबा, सामानाची पेटी बसवतो. केबिनमध्ये उष्णता आणि आवाज येऊ नये म्हणून इंजिनच्या कव्हरला जाड फोम चिकटवतो, कधी खालून पत्राही मारतो. आलेल्या हवेला निघायला वाट राहिली नाही की पुढून नवी हवा येणार कुठून? माझ्याकडे आलेल्या एका गाडीत रेडिएटर आरशासारखा साफ होता, पंखा नवा होता, तरी ती मानपूरच्या चढावर तापायची. सांडपाण्याची टाकी सव्वा फूट मागे सरकवली आणि खालचा पत्रा काढला, तेव्हा तापणं थांबलं. तुम्ही गाडीखाली वाका आणि इंजिनच्या मागे हवेला सरळ वाट आहे का ते बघा. जनरेटर असेल तर त्याची गरम हवा इंजिनच्या खोलीत तर सुटत नाही ना, तेही बघा.

पुढच्या बाजूला काय टांगलंय तेही मोजा. फॉग लाइटची पट्टी, सजावटीची दाट जाळी, नावाची पाटी, सायकलचं स्टँड. किडे अडावेत म्हणून लोक डासांची जाळी लावतात. ती किडे अडवते, पण स्वतः धुळीने भरली की हवाही अडवते. लावायचीच तर मोठ्या छिद्रांची, पटकन काढता येणारी लावा आणि प्रत्येक प्रवासानंतर झटका. रेडिएटरच्या कडेने असलेल्या रबराच्या किंवा फोमच्या पट्ट्या कुजून पडल्या असतील तर नव्या चिकटवा. त्या नसल्या की हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी कडेने पळते. पंख्याचं आवरण पुन्हा न लावता गाडी चालवणारेही मी पाहिलेत. आवरणाशिवाय पंखा फक्त स्वतःसमोरच्या गोलातून ओढतो आणि रेडिएटरचे चारही कोपरे बेकार राहतात.

पंखा सिलिकॉन कपलिंगचा, म्हणजे आतल्या घट्ट तेलाच्या जोरावर फिरणारा असेल तर तोही तपासा. बंद, थंड इंजिनवर हाताने फिरवला की तो थोडा अडखळत फिरावा. अगदी भिंगरीसारखा सुटला तर कपलिंगमधलं तेल गेलंय. समोर तेलाचा चिकट ओघळ दिसला तरी तेच. घाटात गाडी तापल्यावर चांगल्या कपलिंगचा पंखा घुमल्याचा मोठा आवाज येतो. तुम्हाला भेरूघाटात तसा आवाज येतो का, आठवून सांगा. विजेचे पंखे असतील तर एसी लावून ते फिरतात का आणि योग्य बाजूला ओढतात का एवढं बघितलं तरी पुरे.

पाण्याच्या बाजूबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या गाडीत तो पहिला संशयित नाही. पण रेडिएटर उतरवतोच आहात तर कूलंट निघेलच. ते एका कॅनमध्ये धरा आणि बघा. स्वच्छ हिरवं, लाल किंवा निळं, जे मूळ असेल ते, म्हणजे ठीक. तांबूस गढूळ असेल तर गंज आहे. वर तेलाचा तवंग असेल तर ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट बघावं लागेल, ते काम वेगळं. कॅनमधलं कूलंट गटारात किंवा रस्त्यावर ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री आणि गाई चाटतात आणि त्यांचं मूत्रपिंड जातं. २०१७ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर काढून पुढे वर्षानुवर्षं तो टिकवणाऱ्या शहरात राहून हे व्हायला नको. वर्कशॉपमध्ये जुन्या तेलासोबत ते जमा करा.

आत पांढरी खापरी दिसली तर ती बोअरच्या पाण्याची देणगी आहे. आपल्याकडे जमिनीखाली सगळा काळा पाषाण, त्यातलं बोअरचं पाणी जड. कुणीतरी वाटेत कधीतरी ते भरलेलं असतं. तेवढ्यासाठी सियागंजात किराण्याच्या दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व चालतं: दहा लिटर स्वच्छ पाण्याला साधारण तीनशे ग्रॅम, हीटर चालू ठेवून इंजिन पूर्ण गरम करायचं, वीस-पंचवीस मिनिटं चालवायचं, थंड होऊ द्यायचं, काढायचं, आणि साध्या पाण्याने तीन वेळा खळखळून काढायचं. खापरी नसेल तर हा उपद्व्याप करू नका. आत स्वच्छ असलेल्या गाडीला ॲसिड पाजण्यात काही शहाणपण नाही.

नवं कूलंट गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकारचंच घ्या. रंग बघून घेऊ नका, रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने घालते. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असं मानक लिहिलंय का ते बघा. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र केली तर त्यांच्यातली गंज रोखणारी द्रव्यं एकमेकांना मारतात, कधी आत जेलीसारखा चिखल होतो. घट्ट कूलंट असेल तर बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी निम्मं घाला. नुसतं घट्ट कूलंट घालणारे लोक भेटतात, त्यांना वाटतं जास्त म्हणजे चांगलं. उलट आहे. उष्णता वाहायचं काम पाणी जास्त चांगलं करतं, कूलंट त्याला उकळण्यापासून, गंजण्यापासून वाचवतं. निम्मं-निम्मं हे प्रमाण यासाठीच. आधीच मिसळून आलेलं असेल तर त्यात पाण्याचा थेंबही नको. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, वरच्या होजला हाताने दाबत राहा. बुडबुडे येणं थांबलं म्हणजे आतली हवा निघाली.

आणि झाकण बदला. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या डब्याचं, ज्यावर दाबाचा आकडा लिहिलेला असेल ते. झाकण म्हणजे व्हॉल्व आहे, काका. निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. एक बार दाब राखणारं झाकण असेल तर तेच १२८ ते १३० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग थकली की हे वीसेक अंश हातातून जातात, आणि बाकी सगळं ठीक असताना गाडी घाटात उकळते. स्वस्त भाग आहे, तरी लोक तो शेवटी बदलतात. त्याच आकड्याचं घ्या, जास्त दाबाचं घेतलं तर होज आणि टाकीचा सांधा फुटेल.

थर्मोस्टॅटबद्दल. तो काढला की गाडी तापत नाही, ही समजूत जुन्या गाड्यांच्या काळापासून चालत आलीय. आजच्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना एक आडवाटही बंद करतो, जिच्यातून पाणी रेडिएटरला न जाता थेट इंजिनात परततं. तो काढून टाकला की ती आडवाट कायम उघडी राहते आणि घाटात नेमकं जेव्हा सगळं पाणी रेडिएटरला जायला हवं तेव्हा त्यातलं काही तसंच फिरत राहतं. सपाटीवर उलट होतं, इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. शंका असेल तर तो काढून घरच्या पातेल्यात पाण्यात टांगा, थर्मामीटर धरा आणि गॅस लावा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांजवळ उघडायला सुरुवात झाली पाहिजे. नाही उघडला तर नवा घाला, रिकामी जागा सोडू नका.

हे सगळं झाल्यावरही घाटाला मान द्यायला हवा. मोटरहोम रिकामं कधीच नसतं, ते नेहमी भरल्या गाडीचंच वजन ओढतं. ओंकारेश्वरहून निघताना दोनशे लिटरची टाकी काठोकाठ भरली तर ते दोनशे किलो तुम्ही तीनशे मीटरहून जास्त उंचीवर वाहून आणता, आणि घरी येऊन सोडून देता. परतीला पाणी निम्मं ठेवा. चढाला मोठ्या गिअरमध्ये रडवत नेऊ नका. खालचा गिअर घाला, इंजिन फिरतं राहिलं की वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) आणि पंखा दोन्ही जोरात चालतात. काटा चढायला लागला की एसी बंद, केबिनचा हीटर पूर्ण चालू, खिडक्या उघड्या. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे. तरी चढला तर कडेला सुरक्षित जागी थांबा, पण इंजिन लगेच बंद करू नका. दोन-चार मिनिटं हलकं चालू ठेवा, म्हणजे पाणी फिरत राहतं आणि टर्बोलाही बरं. अपवाद दोनच: बेल्ट तुटला असेल किंवा पाणी सांडून गेलं असेल तर ताबडतोब बंद. झाकण कमीत कमी पाऊण तास उघडायचं नाही. दाबाखालचं ते पाणी झाकण फिरवताक्षणी वाफ होऊन अंगावर येतं. माझ्या ओळखीच्या एका क्लीनरचा चेहरा आणि छाती यात भाजली, तेही थंडीच्या दिवसांत.

वर्षभराची निगा म्हणाल तर माझं पंचांग सोपं आहे. दिवाळीनंतर, सोयाबीनचा हंगाम सरला की एक कोरडी सफाई, मागून हवा मारून. एप्रिलच्या शेवटी, गहू निघाल्यावर आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, साबणाची पूर्ण सफाई. मधे प्रत्येक लांबच्या प्रवासानंतर मोबाईलचा तो व्हिडिओ, दोन मिनिटांचं काम. कूलंट पुस्तिकेतल्या मुदतीनुसार, गाडी कमी चालली तरी वर्षं मोजून बदला, कारण त्यातली गंजरोधक द्रव्यं उभ्या गाडीतही संपतात. आणि मोटरहोम बहुतेक काळ उभंच असतं. महिनोन्महिने उभ्या गाडीत उंदीर होज कुरतडतात, कुंभारमाशी फिनांमध्ये मातीची घरं करते, कोळी जाळी विणतो. महिन्यातून एकदा नुसतं उभ्या-उभ्या इंजिन चालवण्यापेक्षा बायपासवर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा, आणि निघण्याआधी बॉनेट उघडून बघा.

तुम्ही असं करा. या रविवारी थंड गाडीवर फटीचा व्हिडिओ घ्या, कागदाची चाचणी करा, गाडीखाली वाकून इंजिनच्या मागे टाकी कुठे आहे त्याचा एक फोटो काढा, आणि झाकणावरचा आकडा लिहून पाठवा. व्हिडिओत भुशाची चादर दिसली, आणि ती दिसेल असं मला वाटतंय, तर रेडिएटर बाहेर काढायचं काम सकाळी आठला सुरू करू, संध्याकाळी गाडी तुमच्या दारात. त्यानंतर भेरूघाटाची पहिली फेरी मी तुमच्यासोबत येईन. पंख्याचा आवाज मला स्वतः ऐकायचाय.